होडीचं डोलकाठीपुढचं शीड बदलायचंय: १५० टक्के, १३५ की ११०?

जुनं शीड उतरवलं, त्याची मापं घेतली आणि तसंच नवं शिवायला टाकलं, असं बरेच जण करतात. मला वाटतं निर्णय इथेच चुकतो. ज्यानं ते शीड निवडलं त्याला कदाचित शर्यती खेळायच्या असतील. तुम्हाला घरच्यांना घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचंय.

आधी टक्क्यांचं गणित. शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यापासून, म्हणजे क्ल्यूपासून, पुढच्या कडेपर्यंतचं काटकोनातलं अंतर मोजायचं आणि त्याला डोलकाठी ते फोरस्टेचा (डोलकाठीला पुढून धरणाऱ्या तारेचा) पाया या अंतरानं भागायचं. समजा पुढची कड, म्हणजे लफ, १२ मीटर आहे आणि डोलकाठी ते फोरस्टे ३.६ मीटर. मग (लफ गुणिले ते काटकोनातलं अंतर, भागिले दोन) १५० टक्क्यांचं शीड होतं ३२.४ चौरस मीटर, १३५ चं साधारण २९ आणि ११० चं साधारण २४.

१५० ची खरी मजा मंद वाऱ्यात. पाण्यावर जेमतेम तरंग असताना ते होडी चालती ठेवतं. पण १० नॉटचा वारा १४ वर गेला की शिडावरचा जोर जवळजवळ दुप्पट होतो, आणि मग ते फर्लरवर, म्हणजे शीड फोरस्टेभोवती गुंडाळणाऱ्या फिरत्या यंत्रावर, थोडं गुंडाळावं लागतं. गुंडाळलेल्या शिडाचं पोट मधोमध फुगतं, होडी पुढे जायचं सोडून कलायला लागते. साधारण तिसरा हिस्सा गुंडाळेपर्यंत आकार सांभाळता येतो, त्यापुढे वाऱ्याच्या तोंडावर जाणं अवघड. शिवाय दर टॅकला, म्हणजे होडी वाऱ्याच्या तोंडातून वळवताना, एवढं कापड डोलकाठीच्या पुढून ओढून आणायचं, विंचवर (दोरी ओढायच्या चक्रावर) घाम गाळायचा, आणि खालच्या कडेआडून समोरची मासेमारीची होडी दिसायची नाही. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते.

१३५ मध्ये क्षेत्रफळ फक्त दहा टक्क्यांनी घटतं, पण गुंडाळायची वेळ बरीच उशिरा येते. लफच्या कडेला फोमची पट्टी शिवून घेतली की गुंडाळताना मधलं पोट आपोआप सपाट होतं. फर्लरवर एकच शीड ठेवणाऱ्यानं हेच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

११० हातात हलकं, टॅकला चटकन येणारं. जिथे वारा बहुतेक वेळा १५ नॉटच्या वर असतो किंवा होडीचं मुख्य शीडच मोठं आहे, तिथे ते उत्तम. एक अडचण मात्र बघा: काही होड्यांवर शीटचा (क्ल्यूला बांधलेल्या ओढदोरीचा) ट्रॅक फक्त डेकच्या बाहेरच्या कडेला असतो. तिथून छोट्या शिडाचा कोन फार उघडा पडतो आणि होडी वाऱ्याच्या जवळ जातच नाही. मग नव्या ट्रॅकचा खर्चही धरायला हवा.

कापडाचा प्रश्न मला तितका अवघड वाटत नाही. डेक्रॉन, म्हणजे विणलेलं पॉलिएस्टर, हळूहळू ताणत जातं, म्हातारं होतानाही दुरुस्त होतं. लॅमिनेट, म्हणजे थर चिकटवून केलेलं कापड, आकार छान धरतं, पण फडफडणं आणि दमटपणा त्याला मानवत नाही. थर सुटायला लागले की संपलंच. किनाऱ्यालगतच्या भटकंतीला चांगलं, घट्ट विणीचं, आडव्या पट्ट्यांच्या कटाचं डेक्रॉन पुरतं. वाचलेले पैसे उन्हाच्या पट्टीत घाला, म्हणजे गुंडाळलेल्या शिडाला उन्हापासून वाचवायला कडेनं शिवतात त्या पट्टीत. होडी वर्षभर शीड चढवूनच उभी असेल तर ॲक्रिलिकची पट्टी जड असली तरी तीच हवी, हलकी पट्टी लवकर जाते. जुन्या शिडाच्या पट्टीवरच्या शिवणीवर नख ओढून बघा. दोरा नुसत्या नखानं तुटत असेल, तर उन्हानं आधी काय खाल्लं ते कळेल.

वापरलेलं शीड स्वस्तात मिळालं तर सगळ्यात आधी लफची लांबी बघा. ती फार आखूड असेल तर फर्लरचं वरचं फिरकं, ज्याला शिडाचा माथा जोडलेला असतो, खालीच राहतं, आणि गुंडाळताना हॅलियार्ड (शीड वर चढवायची दोरी) फोरस्टेभोवती वेढे घेते. अशा वेळी शिडाच्या माथ्यावर दोरीचा तुकडा जोडून फिरकं वर न्यावं लागतं. लफच्या टेपची जाडीही तुमच्या फर्लरच्या खाचेत बसायला हवी. शक्य असेल तर टेपचा वीतभर तुकडा मागवून खाचेत सरकवून बघा आणि मगच पैसे द्या.