अंबडचा फोन कॉलेज रोडवर उचलतो: आठ महिन्यांचा अनुभव

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना आहे आणि कॉलेज रोडला विक्रीचं ऑफिस. कारखान्याला सुट्टी शनिवारी, ऑफिसला रविवारी. द्राक्षाच्या प्रत्येक पेटीवर मात्र अंबडचाच ०२५३चा नंबर छापलेला. तो बदलायचा तर छपाईचे ब्लॉक बदलता येतील, पण दिंडोरी-निफाडच्या बागायतदारांच्या मोबाइलमधला नंबर कोण बदलणार?

सुट्टीच्या दिवशी अंबडचा फोन ऑफिसात वाजावा म्हणून गेल्या हंगामात साधं कॉल फॉरवर्डिंग लावून पाहिलं. आमची पीआरआय (टेलिफोन कंपनीची अनेक बोलणी एकदम नेणारी डिजिटल लाइन), तिला ३० चॅनल, म्हणजे एका वेळी ३० बोलणी. आत आलेला कॉल त्याच लाइनवरून पुन्हा बाहेर पाठवला की एका बोलण्याला दोन चॅनल गेले. वर ऑफिसात दिसणारा नंबर आमचाच, गिऱ्हाइकाचा नाही. मिस्ड कॉल पडला तर परत फोन लावायचा कुणाला?

मग श्रावणात दोन्हीकडे अ‍ॅस्टरिस्कवर (फोन जोडायचं सॉफ्टवेअर) चालणारे ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसचं आतलं टेलिफोन एक्सचेंज, बसवले आणि फायबरवर व्हीपीएन (इंटरनेटवरची खासगी वाट) टाकून एकमेकांना जोडले. अंबडचे आतले नंबर (एक्स्टेंशन) २ने सुरू होणारे, कॉलेज रोडचे ३ने. पीआरआय अंबडलाच ठेवली. कॉल तिथे उतरतो आणि वेळ-वार बघून जोडणीवरून इकडे कॉलेज रोडला येतो. जी.७११ कोडेकला (आवाज डिजिटल करायची पद्धत) एका कॉलमागे प्रत्येक दिशेला साधारण ८७ केबीपीएस लागतात, वर व्हीपीएनचं थोडं जास्त, म्हणजे दहा कॉल एकदम चालले तरी साधारण एक एमबीपीएस. फायबरला ते काहीच नाही.

पहिले दोन दिवस सगळे कॉल गोडाऊनमध्ये वाजले. आम्ही इनकमिंग रूटमध्ये (कुठल्या नंबरचा कॉल कुठे वाजवायचा तो नियम) आमचा सात आकडी नंबर टाकला होता, टेलिफोन कंपनीकडून मात्र तो २५३ लावून येत होता. जुळलं नाही, की कॉल ‘बाकी सगळे’ वाल्या रूटला, आणि तो गोडाऊनमध्ये वाजायचा. कंपनी नेमके किती आकडे पाठवते, हे लॉगमध्ये बघूनच रूट लिहा. कधीकधी आवाज एकाच बाजूने यायचा, तो प्रकार राउटरमधलं एसआयपी एएलजी (इंटरनेटवरच्या कॉलच्या माहितीत फेरफार करणारी सोय) बंद केल्यावर थांबला.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अगदी बारकी आहे. अंबडहून वळून आलेल्या कॉलला गिऱ्हाइकाच्या नंबराआधी ‘अंबड’ लागतं. रिसेप्शनच्या ताई आधी स्क्रीन बघतात, मग उचलतात. पिंपळगावचा ड्रायव्हर “भाऊ, गाडी दोन नंबर गेटला लावू का तीनला?” असं थेट सुरू करतो. पूर्वी ताई गोंधळायच्या, “कुठलं गेट?” विचारायच्या. आता म्हणतात, “दादा, आज कारखाना बंद आहे, गाडी उद्या सकाळी आणा.” समोरच्याला आपण कॉलेज रोडला बोलतोय याचा पत्ताही लागत नाही.

आता फजितीचं. शनिवारी अंबडचे कॉल इकडे, रविवारी इकडचे अंबडला, इथवर ठीक. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी (रंग खेळायचे जुने हौद) उघडतात, दुपारनंतर कामाला कुणी थांबत नाही, म्हणून दोन्ही ठिकाणी सुट्टीचं बटण दाबून सगळे निघालो. अंबडने कॉल कॉलेज रोडला दिला, कॉलेज रोडने अंबडला, अंबडने परत इकडे. प्रत्येक फेरीत मशीनच्या दृष्टीने तो नवाच कॉल, त्यामुळे हा मघाचाच पाहुणा आहे हे त्याला कळायचं कारण नाही. पाच-सहा गिऱ्हाइकांनीच दोन्ही मशीनं एवढी अडकवली, की दुसऱ्या दिवशी रिस्टार्ट करावी लागली. बसवून देणाऱ्यांना विचारलं तर म्हणे, “दोन्हीकडे एकदम सुट्टी असते हे तुम्ही सांगितलंच नाही!” आता साधा नियम घातलाय: जोडणीवरून आलेला कॉल पुन्हा जोडणीवर जाणार नाही. उचलला नाही तर व्हॉइसमेल. पाच मिनिटांचं काम, पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं.

एक दुखणं मात्र आहे तसंच आहे. कॉल वळतो तो अंबडच्या मशीनपर्यंत पोचल्यावरच, आणि वीज दुरुस्तीसाठी बंद राहते ती नेमकी शनिवारी. तिथलं मशीन बंद, की इकडे सगळं चालू असूनही नंबर मुका. कायमचा उपाय म्हणजे टेलिफोन कंपनीकडून तिच्या एक्सचेंजवरच कॉल वळवणं किंवा नंबर एसआयपी ट्रंकवर (इंटरनेटवरून येणाऱ्या लाइनवर) नेणं. त्याचं बोलणं चालू आहे. तोवर यूपीएसच्या बॅटऱ्या नव्या घेतल्या, तीन तास निघतात. गेल्या शनिवारी वीज चार तास नव्हती.