सायमोक्झॅनिल + मॅन्कोझेब: बटाट्याच्या करप्यावर दोन दिवसांचं औषध

सायमोक्झॅनिल 8 टक्के आणि मॅन्कोझेब 64 टक्के ही मिश्र बुरशीनाशक पावडर (कर्झेट हे तिचं सर्वांत ओळखीचं नाव) पुणे जिल्ह्यातल्या पेठ-कुरवंडीच्या सातगाव पठारावरच्या खरीप बटाट्याला चांगली लागू पडते. मात्र ती केव्हा मारली, यावर सगळं अवलंबून आहे.

हे औषध ‘उशिरा येणाऱ्या करप्या’चं, पण त्या नावावर जाऊ नका. सलग ढगाळ हवा, झिमझिम, दाट धुकं आणि 10 ते 20 अंश तापमान जुळलं की महिन्याच्या पिकावरही तो येतो. पानाच्या कडेला किंवा टोकाला पाण्यात भिजल्यासारखा डाग पडतो, तो तपकिरी-काळा होतो आणि सकाळी पान उलटलं की डागाच्या कडेने पांढरी लव दिसते. डागात गोल गोल कडी असतील, डाग कोरडा आणि खालच्या जुन्या पानांवर असेल, तर तो लवकर येणारा करपा. त्याला नुसतं मॅन्कोझेब पुरतं, महागड्या पुड्याची गरज नाही.

या पुड्यातलं मॅन्कोझेब पानावर बसून नवीन लागण अडवतं, पण आत शिरलेल्या रोगाला काही करत नाही. सायमोक्झॅनिल पानात शिरतं आणि नुकतीच झालेली लागण मारतं. ही ताकद लागणीनंतर साधारण दोन दिवसच चालते, कारण झाडात ते लवकर विघटित होतं. पहिले डाग दिसले त्याच दिवशी फवारा. काळं पडलेलं पान कशानेही हिरवं होत नाही. अर्धा प्लॉट करपल्यावर मारून ‘रिझल्ट नाही’ म्हणणं म्हणजे औषधावर अन्याय.

लेबलचं माप एकरी 600 ग्रॅम, पाणी 200 ते 300 लिटर. 200 लिटरच्या हिशेबाने 16 लिटरच्या पंपाला 48 ग्रॅम येतात. आधी बादलीत थोड्या पाण्यात पातळ लगदा करा, गाळा आणि मग पंपात टाका. थेट टाकलेली पावडर तळाशी बसते, नोझल तुंबतं आणि शेवटच्या सरीला नुसतं पाणी जातं. पंप मधूनमधून हलवत राहा. नोझल खालून वर धरून पानाची मागची बाजू भिजवा, कारण रोगाची लव तिथेच असते. स्टिकर (द्रावण पानाला चिकटवणारं द्रव्य) बेताने, नाहीतर द्रावण ओघळून सरीत जातं. फवारल्यावर पान वाळायला दोन-तीन तासांची उघडीप हवी. तोंडाला मास्क आणि हातमोजे घालाच, मॅन्कोझेब अंगावर खाजतं.

पाण्याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. सायमोक्झॅनिल अल्कधर्मी, म्हणजे जास्त सामूच्या (पीएच) पाण्यात टिकत नाही. सामू 7 असेल तर ते निम्मं व्हायला सुमारे 34 तास लागतात, सामू 9 ला अवघा अर्धा तास. बोअरचं पाणी जड असेल तर सामू तपासून उतरवून घ्या आणि द्रावण रात्रभर ठेवू नका. बोर्डो मिश्रणात (मोरचूद आणि चुना) तर कधीच मिसळू नका.

हेच औषध लागोपाठ मारत राहणं चूक आहे. पाल्याने सरी झाकण्याआधी नुसतं मॅन्कोझेब, डाग दिसताच हे, आणि हवा तशीच राहिली तर आठवड्याने डायमेथोमॉर्फ (दुसरं बुरशीनाशक) 1 ग्रॅम + मॅन्कोझेब 2 ग्रॅम प्रति लिटर. दुकानदार कार्बेन्डाझिम पुढे करेल, ते घेऊ नका. हा करपा आणणारी फायटोप्थोरा ही खरी बुरशी नाही, तिच्यावर कार्बेन्डाझिम चालत नाही. मेटॅलॅक्झिल या औषधाला दाद न देणारे फायटोप्थोराचे प्रकार 1980 पासून युरोपात आढळले, पुढे भारतातही. म्हणून त्यावर एकट्यावर विसंबू नका.

उत्पादनाचा हिशेब सरळ आहे. कंद फुगतो तो साधारण दीड ते अडीच महिन्यांच्या काळात, पानांच्या जोरावर. 45 दिवसांला पाला गेला तर खाली बारीक माल राहतो. 75 दिवसांला गेला तर वजनाची घट कमी, पण धोका कंदाला: पावसाने बीजाणू मातीत उतरतात आणि कंदावर तपकिरी-जांभळट खोलगट डाग पडतात, आत गंजासारखा रंग. त्यावर ही पावडर निरुपयोगी आहे. तिथे मातीची उंच भर लागते. तीन-चतुर्थांश पाला करपला की पाला कापून शेताबाहेर न्या आणि साल पक्की व्हायला 10 ते 15 दिवस थांबून काढणी करा. ओल्या सालीचा माल आरणीत (साठवणीच्या ढिगात) घातला की सडका बटाटा शेजारचेही सडवतो.

रोगाच्या तडाख्यात साध्या मॅन्कोझेबपेक्षा जास्त पैसे मोजायला हरकत नाही. कोरड्या रब्बीत मात्र मी हा पुडा घरात ठेवा म्हणेन, शेतात नको.