नऊ महिन्यांची वर्गणी आणि गुपचूप बदललेला एक वार

वर्षाला ७९९ रुपये वर्गणी भरून मी जे मराठी वृत्तसंकेतस्थळ वाचतो, त्याचे नाव येथे देत नाही, कारण त्यांच्याशी माझा वाद अजून पुरता मिटलेला नाही. पैसे भरण्यापूर्वी मी पुरेशी चिकित्सा केली होती. मालक कंपनीचे व संपादकाचे नाव पानावर होते, बातमीखाली नुसते 'प्रतिनिधी' न लिहिता बातमीदाराचे नाव असे आणि जाहिरातीच्या मजकुरावर तसा उल्लेखही असे. तळाशी नोंदणी क्रमांक झळकत होता, पण त्याला मी भुललो नाही. तो छापील नियतकालिकाचा असतो आणि त्याचा बातमीच्या खरेपणाशी काही संबंध नसतो. पहिले पाच महिने मी इतका खूश होतो की दोन शेजाऱ्यांनाही वर्गणी भरायला लावली.

सहाव्या महिन्यात माशी शिंकली. आमच्या भागाचा पाणीपुरवठा शुक्रवारी बंद राहील असे त्यांनी छापले. महापालिकेने जाहीर केला होता गुरुवार. बातमीवर विसंबून सोसायटीने टाकी भरून ठेवली नाही आणि टँकरचे १,८०० रुपये पडले. चूक कोणाचीही होते, तेवढ्यावर मी लिहायला बसलो नसतो. संताप आला तो त्या दुपारी बातमी पुन्हा उघडल्यावर, कारण 'शुक्रवार' जाऊन तेथे 'गुरुवार' आला होता आणि प्रकाशनाची वेळ मात्र जुनीच होती, जणू वाचताना आमचेच डोळे चुकले. शेजाऱ्यांनी तर तसे बोलूनही दाखवले. सुदैवाने इंटरनेट आर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'मध्ये त्या पानाची आधीची प्रत सापडली. तेव्हापासून कामाच्या बातमीची प्रत मी तेथे स्वतःच जतन करून ठेवतो. त्याला पैसे पडत नाहीत.

अमेरिकेत २०१८ मध्ये सुरू झालेली 'न्यूजगार्ड' ही कंपनी वृत्तसंकेतस्थळांना नऊ निकषांवर १०० पैकी गुण देते. वारंवार खोटा मजकूर न छापण्याला त्यात २२ गुण आहेत आणि चुका नियमित दुरुस्त करण्याला साडेबारा. मला हे साडेबारा फार थोडे वाटतात. मालकाचे नाव एकदा लिहिले की काम संपते. चूक मात्र दर वेळी नव्याने, आपल्याच वाचकांसमोर कबूल करावी लागते.

२०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे डिजिटल वृत्तप्रकाशकाने तक्रार निवारण अधिकारी नेमून २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निर्णय द्यावा, असे आहे. याच नियमांतील आचारसंहितेच्या सक्तीला मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी स्थगिती दिली, आणि सरकारने संपादकाच्या डोक्यावर बसू नये हे मलाही पटते. तरी ज्यांनी अधिकाऱ्याचा ईमेल पानावर दिला आहे, त्यांनी तो निदान उघडावा. मला पोच मिळाली ती चौथ्या दिवशी. त्या रात्री या अनुभवाचा पहिला खर्डा लिहिला, जो आता वाचवत नाही इतका कडवट आहे.

कारण बाराव्या दिवशी संपादकांचे सविस्तर उत्तर आले. पालिकेच्या पत्रकात दोन विभागांचे दोन वार होते आणि ते लिहिताना उलटसुलट झाले, हे त्यांनी आढेवेढे न घेता मान्य केले, बातमीखाली आधी काय छापले होते ते लिहिले आणि 'दुरुस्त्या' नावाचे स्वतंत्र पानच सुरू केले. गेल्या तीन महिन्यांत तेथे अकरा नोंदी झाल्या असून त्यांतल्या दोन चुका कोणा वाचकाच्या ध्यानातही आल्या नसत्या. उलट तीच बातमी शब्दशः छापणारी दोन मोफत संकेतस्थळे आजही शुक्रवारच दाखवतात. तीन ठिकाणी सारखे वाचले म्हणून मी त्या दिवशी निश्चिंत झालो होतो, पण तिन्ही ठिकाणी मजकूर एकाच हातचा होता.

माझी तक्रार आता एवढीच उरली आहे की दुरुस्तीची टीप 'हेही वाचा'च्या खाली दडलेली असते आणि त्यांच्या व्हॉट्सॲप चॅनेलवरचा जुना संदेश अजून तसाच आहे. वर्गणीची मुदत तीन महिन्यांनी संपते. टँकरचा खर्च बारा बिऱ्हाडांत वाटून माझ्या वाट्याला १५० रुपये आले, म्हणजे हे वर्ष मला ९४९ रुपयांना पडले. पुढच्या वर्षी ७९९ च पडणार असतील, तर मी भरीन.