चार भोकांचं गॅस्केट

मामांनी त्यांची अल्टो मला दिली तेव्हा सोबत दोन चाव्या, बॅटरीचं वॉरंटी कार्ड आणि एक ताकीद दिली, "दिसेल त्या गॅरेजात टाकू नकोस." चाव्या आणि कार्ड मी नीट सांभाळलं.

गाडी 2011 ची, 796 सीसीची. तिच्यासाठी मी 20 हजार बाजूला काढले होते. दोन टायर, सर्व्हिसिंग, सीट कव्हर आणि उरलेच तर मागच्या दाराचा पोचा, असा हिशेब होता. कराडहून पुण्याला आणताना हायवेवर टेम्परेचरचा काटा मधोमध होता, गाडी मजेत पळत होती. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत दहा मिनिटं उभी राहिली आणि काटा लालकडे सरकला. रांग सुटली, वारा लागला, काटा परत खाली. अगदी असंच मी आमच्या भागातल्या एका गॅरेजवाल्याला सांगितलं. दुखणं काय ते त्या सांगण्यातच होतं. मला ते कळत नव्हतं आणि त्याला कळलं असणार, पण तो बोलला नाही.

रेडिएटरचं झाकण काढून तो डॉक्टरसारखा आत बघत राहिला. मग म्हणाला, "हेड गॅस्केट गेलंय सर. इंजिन खोलावं लागेल." मी कां-कूं करतोय हे पाहून त्याने पुढचं काढलं, "पुढच्या वर्षी 15 वर्षं होतात ना? अशी गाडी पासिंगला नेलीत तर आरटीओतून परत येईल." इथे मी गार पडलो. खरं तर खाजगी गाडीच्या पासिंगला कोणी इंजिन खोलून बघत नाही. दिवे, ब्रेक, टायर, पीयूसी, कागदपत्रं हे बघतात. पण त्या क्षणी समोरचा माणूस हातात पाना घेऊन बोलत होता आणि माझ्या हातात फक्त मोबाइल होता.

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचं वरचं डोकं (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामध्ये बसणारी पातळ चकती. तो तुकडा तसा स्वस्तच असतो. पैसा जातो तो हेड उतरवण्याच्या मजुरीत आणि बोअरिंगवाल्याकडच्या फेसिंगमध्ये (हेडची बसायची बाजू घासून सपाट करणं), म्हणजे जे काम आपल्या डोळ्यांआड होतं त्यात. अंदाज सांगितला 17 हजार, बिल झालं 22,600. बिल कसलं, पॅडच्या कागदावर "इंजिन काम" आणि खाली आकडा. ना जीएसटी नंबर, ना सुट्या भागांची नावं. टायर आणि सीट कव्हर राहिलेच.

मी अगदीच भोळा नव्हतो हो. जुना पार्ट मागून घ्यावा हे ऐकून होतो आणि मागितलाही. तो म्हणाला, पोरांनी भंगारात टाकला, पण फोटो आहे. लगेच व्हॉट्सअॅपवर काळवंडलेल्या, कडेने जळालेल्या गॅस्केटचा फोटो आला. तो मी बायकोलाही दाखवला, "बघ, काय अवस्था होती!"

गाडी मात्र तापायची थांबली. सिग्नलला, चढावर, एसी लावून, कशीही चालवा, काटा हलायचा नाही. किल्ली फिरवली की पुढून घूंऽऽ असा आवाज यायचा. नव्या कामाचा असेल, असं मी समजून घेतलं.

चौथ्या महिन्यात बॅटरी बसली. वॉरंटी शिल्लक होती म्हणून कार्ड घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने कार्डावरचा नंबर पाहिला, बॅटरीवरचा पाहिला आणि कार्ड परत माझ्या हातात दिलं. नंबर वेगळे होते. मामांनी वर्षापूर्वी घातलेली बॅटरी गॅरेजात राहिली होती आणि माझ्याकडे कोणाची तरी म्हातारी आली होती.

दिवाळीत कराडला गेलो तेव्हा गाडी मामांच्या नेहमीच्या फिटरकडे, अण्णांकडे नेली. अण्णांनी किल्ली फिरवली, घूं ऐकलं आणि इंजिन सुरू न करताच बॉनेट उघडलं. इंजिन थंड ठेवणाऱ्या रेडिएटर फॅनचं कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, जळालेलं होतं. ते बदलण्याऐवजी एक वायर ओढून फॅन डायरेक्ट केला होता. म्हणजे किल्ली फिरली की फॅन चालू, थंड इंजिनवरसुद्धा. आधीच थकलेल्या बॅटरीवर हा भार. उभ्या गाडीत तापते आणि पळताना तापत नाही, तर आधी फॅन बघायचा असतो, अण्णा म्हणाले. गॅस्केट गेलं असतं तर ऑइल दुधाळ झालं असतं, पांढरा धूर आला असता किंवा रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले असते.

"पण हेड तर खोललं होतं," मी म्हणालो. अण्णांनी टॉर्च मारत विचारलं, कुठून? इंजिनच्या वरच्या झाकणावर, टॅपेट कव्हरवर, चंदेरी स्प्रे मारलेला, चकाचक. हेडला जोडलेल्या मॅनिफोल्डच्या (हवा-धुराच्या नळ्यांच्या) नटांवर मात्र वर्षानुवर्षांचा गंज, पाना लागल्याची एक खूण नाही. हेड उतरवून फेसिंग करायचं तर ते सोडवावेच लागतात.

मग मी तो फोटो दाखवला. अण्णांनी चष्मा वर केला, मोठा करून पाहिला.

"भोकं मोज."

मोजली. सिलिंडरची चार मोठी भोकं.

"तुझी गाडी तीन सिलिंडरची आहे, बाळा."

चार महिने तो फोटो माझ्याच मोबाइलमध्ये होता.

कपलर, वायर आणि मजुरी मिळून अण्णांनी 650 रुपये घेतले. पुण्यात परत येऊन गॅरेजवाल्याला गाठलं. तो आधी म्हणाला, पोराने चुकीचा फोटो पाठवला. बॅटरीचं काढल्यावर 3 हजार देऊ केले, वर "संबंध ठेवू सर." मी घेतले नाहीत, कारण ते घेऊन विषय मिटला असा मेसेज त्याला हवा होता. 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली आहे. नाहीच जमलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी लागत नाही. अडचण आहे ती त्या कागदाची, "इंजिन काम" या दोन शब्दांतून काय काय झालं नाही ते सिद्ध करायचं. बॅटरीचं कार्ड, पैसे भरल्याची नोंद आणि तो फोटो, एवढं हातात आहे. कुणाची गाडी सध्या गॅरेजात असेल तर आजच जा, बॅटरीच्या नंबराचा फोटो काढून ठेवा आणि हेड उतरवून ठेवलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघा. खरंच उतरवलं असेल तर दाखवायला कोणी नाही म्हणत नाही.

मामांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. पण अण्णा त्यांचे तीस वर्षांचे फिटर. परवा मामांचा फोन आला होता. गाडीचं काही विचारलं नाही, फक्त ठेवता ठेवता म्हणाले, "पुढचं सर्व्हिसिंग कराडलाच करू."