फवारणी की मच्छरदाणी? मलेरियासाठी गावाचा जोर कशावर लावावा

सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा-यावल पट्ट्यात कुणी ग्रामपंचायतीत असेल आणि यंदा जोर घरातल्या फवारणीवर लावायचा की औषधी मच्छरदाण्यांवर असं कोडं पडलं असेल तर मी दोन्ही जवळून बघितलंय, आशाताईंसोबत चार पावसाळे घरोघरी फिरलोय, त्यावरून सांगतो.

फवारणीचं मोल आहेच. तापाची साथ एकदम उठली तर आधी तीच पाहिजे, दोन-तीन दिवसांत अख्खं गाव होतं आणि कुणाला नवी सवय लावावी लागत नाही. डास रक्त पिऊन भिंतीवर बसतो नि मरतो. पण भिंत तशीच राहिली पाहिजे ना! आमच्याकडे फवारणी झाली, भिंतीवर औषधाचे पांढुरके डाग दिसत होते, आणि पंधरा दिवसांवर कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातला देवीचा सण. एका घरी गेलो तर मावशी चुन्यात कुंचला बुडवून त्याच डागांवर फिरवत होत्या. म्हणाल्या, "कानबाई ई ऱ्हायनी भाऊ, भिती अश्याच ठेवू का?" त्यांचं काय चुकलं? कानबाई बसायची म्हणजे घर लख्ख पाहिजेच. दोन-अडीच महिने चालणारं औषध चुन्याखाली गेलं आणि रजिस्टरला ते घर फवारलेलंच राहिलं. माझं मन तिथेच बदललं.

मच्छरदाणीत कटकट नाही असं नाही. उकडतं, आणि कोरी आहे म्हणून काही जण पाहुण्यांसाठी पेटीत ठेवून देतात. दोन माणसांमागे एक धरली तरच पुरते, साधारण तीन वर्षं किंवा वीस धुण्यांपर्यंत औषध टिकतं. पण आपल्याकडे खाट कधी अंगणात, कधी मळ्यात, मच्छरदाणी खाटेसोबत जाते, भिंत जात नाही. निदान आमच्या गावाला तरी हीच जास्त मानवली.

मोजायलाही सोपी. किती वाटल्या ते सोडा, रात्री दहाला चक्कर मारा आणि टांगलेल्या किती ते बघा. नुसत्या एपीआयवर, म्हणजे वर्षाला हजार लोकांमागे मलेरियाचे रुग्ण किती या आकड्यावर, विसंबू नका, कारण रक्तनमुने कमी घेतले की तो आपोआप उतरतो. वर्षाला शंभर लोकांमागे निदान दहा नमुने झालेत का हे आधी विचारा, मग ताप घटला म्हणा.

तरी फवारणीच घ्यायची ठरली तर कानबाईची तारीख फवारणीवाल्यांना आधीच कळवा, चुना आधी होऊ द्या आणि औषध त्यावर.