स्टुडंट पायलट, जुनं विमान आणि फॉर्मवर वाढलेला एक आकडा

शिकत असतानाच स्वतःचं छोटं विमान घ्यायचा विचार असेल, तर हे आधी वाचा. आम्हाला फसवणाऱ्याने बनावट पॉलिसी विकली नव्हती. कंपनी खरी, पॉलिसी खरी, नंबरही खरा. फक्त त्या पॉलिसीतला पायलट मी नव्हतो. नाव माझंच, पण माझ्यापेक्षा बराच अनुभवी असा कुणीतरी वेगळाच माणूस होता.

एका मित्राबरोबर भागीदारीत मी जुनी सेस्ना १५२ घेतली. दोन सीटचं, एका इंजिनाचं, शिकाऊंच्या हाताखाली आयुष्य काढलेलं विमान. मित्राकडे लायसन्स होतं. माझं शिक्षण चालू होतं, सोलो, म्हणजे इन्स्ट्रक्टरशिवाय एकट्याने उडवणं, नुकतंच सुरू झालेलं. विमा शोधायला लागलो तेव्हा लक्षात आलं, की कंपन्यांना विमानाइतकीच, किंबहुना जास्तच, पायलटची काळजी असते. एकूण तास किती, त्याच प्रकारच्या विमानावरचे किती, लायसन्स कुठलं, आधी काही अपघात झालाय का. शिकाऊ म्हटलं की काही कंपन्या सरळ नाही म्हणतात. बाकीच्या प्रीमियम चढवतात आणि अटी घालतात: सोलो फक्त इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली, शेजारच्या सीटवर प्रवासी नाही, वगैरे. यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. शिकाऊच्या हातून लँडिंगला नोजव्हील, म्हणजे नाकाखालचं चाक, आपटणार, हे त्यांना शिकाऊच्याही आधी माहीत असतं.

विमान विकणाऱ्याच्या ओळखीतून एक एजंट मिळाला. गोड बोलणारा, कामाला तत्पर. ‘साहेब, स्टुडंटचं लोडिंग लागेल, पण मी बसवून देतो.’ लोडिंग म्हणजे जादा जोखमीचा जादा प्रीमियम. लागणारच होतं. फॉर्म मी स्वतः भरला, लॉगबुक, म्हणजे उड्डाणांच्या नोंदींची वही, समोर ठेवून तास लिहिले, ‘स्टुडंट’वर टिक केली, सही करून स्कॅन त्याला मेल केला. लगेच एकपानी सर्टिफिकेट आलं आणि त्याच्या लेटरहेडवर पावती. पावतीत दोन ओळी: प्रीमियम, आणि खाली ‘स्टुडंट पायलट लोडिंग’. पूर्ण पॉलिसी मागितली तर म्हणे, कंपनीकडून यायला वेळ लागतो. आम्ही मागत राहिलो, तो पुढचा वायदा देत राहिला.

या सर्टिफिकेटबद्दल जरा सांगतो. त्यावर विमा कुणाचा, विमानाचं रजिस्ट्रेशन, हलची रक्कम म्हणजे विमानाची ठरलेली किंमत, लायबिलिटीची म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या भरपाईची मर्यादा आणि मुदत, एवढं असतं. विमानतळाला किंवा हँगरवाल्याला दाखवायला ते पुरतं. पण विमान कुणी उडवलं तर विमा लागू होतो, हे आमच्या सर्टिफिकेटवर कुठेही नव्हतं. ते पॉलिसीतल्या पायलट क्लॉजमध्ये असतं, आणि क्लेमच्या वेळी सगळ्यात आधी तेच पान उघडलं जातं.

एका सोलोत विमान टेकताना उसळलं, नाक खाली गेलं, नोजव्हीलचा स्ट्रट, म्हणजे चाकाचा दांडा, वाकला आणि प्रोपेलरची टोकं धावपट्टीला लागली. मला खरचटलंही नाही. बघणाऱ्याला वाटतं, प्रोपेलर बदलला की काम झालं. पण फिरता प्रोपेलर जमिनीला लागला की तो झटका इंजिनातल्या मुख्य दांड्यापर्यंत, क्रँकशाफ्टपर्यंत जातो. इंजिन लायकॉमिंगचं असो वा कॉन्टिनेन्टलचं, ते उतरवून, उघडून तपासावं लागतं. जुन्या विमानाच्या बाबतीत हा खर्च विमानाच्या किमतीच्या तोडीस तोड जाऊ शकतो. हल कव्हर घ्यायचं ते अशाच प्रसंगासाठी.

कंपनीच्या सर्व्हेअरने लॉगबुक मागितलं. थोडी पानं चाळली, स्वतःच्या फाइलमध्ये बघितलं, परत लॉगबुकमध्ये बघितलं, आणि काही न बोलता फाइल माझ्याकडे फिरवली. फॉर्म माझाच, सहीही माझीच. पण एकूण तासांच्या रकान्यात माझ्या दोन आकड्यांच्या डावीकडे एक एकचा आकडा उभा होता. पट्टी लावून काढल्यासारखा सरळ, आणि चौकटीच्या रेघेला चिकटलेला, कारण तिथे त्याला जागाच नव्हती. ‘स्टुडंट’वरची टिक पुसलेली, ‘प्रायव्हेट’वर नवी. पॉलिसीच्या पायलट क्लॉजमध्ये आम्हा दोघांची नावं होती आणि अट एकच: प्रायव्हेट पायलट लायसन्स असलेले. शिकाऊचा उल्लेखच नाही.

प्रीमियमचा आकडा बघितला तेव्हा सगळा हिशेब लागला. कंपनीला पोचलेली रक्कम आमच्या पावतीतल्या पहिल्या ओळीशी तंतोतंत जुळत होती. दुसरी ओळ वाटेतच जिरली होती. कंपनीकडे मला अनुभवी दाखवून कमी भरायचे, माझ्याकडून शिकाऊ म्हणून जास्त घ्यायचे. आणि हे उघडकीला येणार कधी? क्लेम झाला तर. बहुतेकांचा होत नाही. यथावकाश शिकाऊला लायसन्स मिळतं, पॉलिसी रिन्यू करताना फॉर्म आपोआप खरा होतो, मागचं कुणी उकरत नाही. डोकं चालवलं होतं पठ्ठ्याने.

कंपनीने क्लेम नाकारला. मूळ फॉर्म तारीख-वेळेसकट माझ्या मेलमध्ये होता, तो दाखवला. आकडा आम्ही बदललेला नाही हे त्यांनी मानलं, पण ज्या पायलटची जोखीम आम्ही घेतली तो तुम्ही नव्हे, हे म्हणणं सोडलं नाही. मित्राचा यात काडीचा संबंध नव्हता, तरी अर्धा भुर्दंड त्याच्यावर आला. मला मात्र लायबिलिटीचं जास्त झोंबलं. हल म्हणजे आमचं विमान, आमचं नुकसान. पण मी कुणाच्या उभ्या विमानावर, किंवा देव न करो, माणसावर गेलो असतो तर? तोवरची माझी सगळी सोलो उड्डाणं विम्याविनाच झाली होती.

वकिलाने पहिला प्रश्न विचारला, तो एजंट होता की ब्रोकर? ब्रोकर साधारणपणे विमा घेणाऱ्याच्या वतीने काम करतो, त्यामुळे त्याने कंपनीला दिलेली खोटी माहिती तुमच्याच माथी येऊ शकते. एजंट कंपनीचा असेल तर त्याची करणी कंपनीच्या गळ्यात घालायला निदान जागा असते. हा तोंडाने स्वतःला एजंट म्हणवत होता, लेटरहेडवर ब्रोकर होता.

त्यामुळे पैसे द्यायच्या आधी हे लेखी विचारून घ्या, आणि प्रीमियम शक्यतो थेट कंपनीच्या खात्यात भरा. पॉलिसी कंपनीकडूनच मागवा, आणि तिच्याबरोबर कंपनीला पोचलेल्या तुमच्या फॉर्मची प्रत. तुम्ही पाठवलेला नव्हे, त्यांना मिळालेला. पायलट क्लॉजमध्ये तुमचं नाव आणि ‘स्टुडंट’ हा शब्द दोन्ही हवेत. ‘ओपन पायलट क्लॉज आहे, कुणीही उडवा’ असं कुणी सांगितलं तर त्यातली तासांची अट वाचा. शिकाऊ त्यात सहसा बसत नाही. शिकवणारा इन्स्ट्रक्टर त्या पॉलिसीत चालतो का, तेही बघा.

विमान भाड्याने घेऊन शिकणाऱ्यांनी ‘क्लबचा विमा आहे’ यावर थांबू नये. तो विमा बहुधा क्लबचा असतो, तुमचा नाही. कंपनी क्लबला भरपाई देते आणि मग तेच पैसे वसूल करायला तुमच्या दारात येऊ शकते. भाड्याच्या विमानासाठी पायलटच्या नावे वेगळी पॉलिसी मिळते, ती घ्या.

आमची तक्रार विमा नियामकाकडे आणि पोलिसांत, दोन्हीकडे आहे. जोडलेले कागद मोजकेच: मूळ मेल, कंपनीकडचा फॉर्म, पॉलिसी आणि ती दोन ओळींची पावती. सगळ्यात जास्त प्रश्न त्या पावतीवरच विचारले गेले. ब्रोकरचं उत्तर आलंय: लोडिंग म्हणजे त्याची ‘सल्ला फी’ होती म्हणे.