सिस्टीम व्हॉल्यूमची मांडणी: एकत्र की विभागून?

झेड/ओएस या आयबीएम मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या व्हॉल्यूमची (डिस्कची) आखणी करताना मास्टर कॅटलॉग (कोणता डेटासेट, म्हणजे फाइल, कुठे आहे याची मुख्य सूची), पेज डेटासेट (मेमरीतील पाने ठेवण्याची डिस्कवरची जागा) आणि स्थानिक पॅरमलिब (प्रणालीच्या सेटिंगची लायब्ररी) सिसरेसवरच, म्हणजे प्रणाली जिथून सुरू होते त्या व्हॉल्यूमवरच, ठेवावेत की वेगळ्या व्हॉल्यूमवर, हे आधी ठरवावे लागते. एकत्र मांडणी समजायला सोपी, बॅकअपलाही सुटसुटीत. चाचणीपुरत्या प्रणालीला ती चालून जाते.

खरा फरक देखभालीच्या वेळी जाणवतो. विभागलेल्या मांडणीत सिसरेसवर मुख्यतः एसएमपी/ई या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाच्या ताब्यातील टार्गेट लायब्ररी (प्रत्यक्ष चालणारे प्रोग्रॅम) राहतात, आणि सिस१.लिंकलिबसारख्या प्रणालीच्या लायब्ररीच्या कॅटलॉग नोंदीत व्हॉल्यूमच्या नावाऐवजी सहा तारका लिहिल्या, की ज्या व्हॉल्यूमवरून आयपीएल झाले (प्रणाली सुरू झाली) तेथलीच प्रत उघडते. त्यामुळे पर्यायी सिसरेसवर बदल करून पुढच्या आयपीएलला लोडचा पत्ता (कोणत्या व्हॉल्यूमवरून सुरू व्हायचे तो) तेवढा बदलायचा, आणि बिनसलेच तर जुन्यावर परतायचे. एकत्र मांडणीत असे परतणे महागात पडते, कारण जुन्या व्हॉल्यूमवरचा कॅटलॉगही जुनाच असतो आणि मधल्या नोंदी त्यात नसतात. म्हणून उत्पादन प्रणालीसाठी मी विभागणीच निवडेन. मात्र सिसरेस दुसऱ्या व्हॉल्यूमवरही पसरले, तर त्या दुसऱ्या व्हॉल्यूमसाठी तारका चालत नाहीत, सिस्टीम सिंबल (प्रणाली ज्याच्या जागी खरे नाव भरते असे चिन्ह) वापरावे लागते.